रंगपटांतील खनिजें आणि आपला वर्ण

माणसानें चेहरा रंगविण्यास आरंभ केला तो मूळ चेहरा झांकण्यासाठीं. आज तोच माणूस खनिजांची तलम भुकटी तोंडास लावतो ती मात्र, आपण कांहीं लावलें आहे हें कोणास कळूं नये म्हणून. या दोन टोकांमधील प्रवास आपल्या सांगली-साताऱ्याच्या रंगपटांत चांगला पाहावयास मिळतो.

१८४३ सालीं, ५ नोव्हेंबर रोजीं, श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें. त्या काळीं विजेचे दिवे नव्हते. तेलाच्या दिव्यांच्या हलत्या, पिंवळसर उजेडांत दूर बसलेल्या प्रेक्षकास देव कोण, राक्षस कोण आणि सीता कोण हें ओळखूं यावयाचें, तर रंग भडकच हवा. सफेता, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग, अभ्रक आणि काजळ हें जुन्या रंगपटाचें भांडार. त्यांतील काजळ वगळलें, तर बाकीचीं सारीं द्रव्यें खनिजच.

परंतु खनिज म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मुर्दाडशिंग ही शिशाची भस्म होय. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचें संयुग. सफेत्याचें तर असें कीं, त्या नांवाखालीं शिशाचाही पांढरा रंग मिळे आणि जस्ताचाही. शिसें शरीरांत हळूहळू सांचतें; पोटांत कळा येतात, रक्त कमी होतें, मनगटांतील बळ जातें. इंग्लंडांत मारिया गनिंग ही प्रसिद्ध रूपवती १७६० सालीं ऐन तारुण्यांत वारली, तें शिशाच्या लेपामुळेंच असें मानलें जातें. तिनें तो हौसेनें लावला होता. ज्या नटास पोटासाठीं रात्रीमागून रात्र असा लेप लावावा लागे, त्याची भाकरी आणि त्याचें विष हीं एकाच डबींत असत.

पुढें दोन गोष्टींनीं हा लेप पातळ होत गेला. पहिली गोष्ट अभिनयाची. शाहूनगर हें साताऱ्याचेंच नांव. तें धारण करणाऱ्या शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनीं आगरकरांच्या ‘विकारविलसित’ नाटकांत हॅम्लेट उभा केला. अशा नाटकांत मनाची तळमळ चेहऱ्यावर वाचावयाची असते. जाड लेप तिच्या आड येतो. १९०५ सालीं मिरजेस बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेंत प्रथम उभे राहिले. पुरुषानें स्त्री दिसावयाचें, आणि तेंही सहज, हें रंगभूषेपुढील अवघड कोडें होतें. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक या स्त्रियांनींच स्त्रीभूमिका केल्या, आणि तें कोडें सुटूं लागलें.

दुसरी गोष्ट प्रकाशाची आणि रसायनाची. विजेच्या उजेडांत प्रत्येक फटकारा उघडा पडूं लागला. इकडे बर्लिन येथें लुडविग लाइख्नर या गायकानें १८७३ सालीं शिसेंविरहित रंगांचा कारखाना काढला होता. विसाव्या शतकांत टायटॅनियमचा निरुपद्रवी पांढरा रंगही आला. आजच्या खनिज प्रसाधनांत मुख्यत्वें हा रंग, जस्तभस्म, अभ्रक आणि लोहाचीं भस्में असतात.

येथें मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. ‘नैसर्गिक वर्ण’ म्हणावयाचें, तर तो कोणाचा? शाळेच्या संमेलनांत मीं पुष्कळदां पाहिलें आहे कीं, सांवळ्या मुलास राजपुत्र करावयाचा म्हणजे त्याच्या तोंडास पांढरी भुकटी थापावयाची. दिव्याखालीं तें पोर गोरें तर दिसत नाहींच, उलट राखेसारखें दिसतें. मान एका रंगाची आणि चेहरा दुसऱ्या. आपली कातडी पांढऱ्या रंगानें साधत नाहीं. तिला तांबडी, पिंवळी आणि काळी अशीं लोहाचीं तिन्ही भस्में लागतात. त्यांच्या कमीअधिक मिश्रणानें गव्हाळ, निमगोरी, सांवळी, काळी अशी प्रत्येक छटा साधतां येते. पांचगणीच्या पठारावरील जांभा ज्यामुळें तांबडा दिसतो, तेंच हें लोह.

मात्र यावरून बाजारांतील गेरू आणून कोणीं तोंडास फांसूं नये. नैसर्गिक मातींत शिसें व सोमल यांचा अंश असूं शकतो. म्हणून प्रसाधनांसाठीं हीं लोहभस्में शुद्ध स्वरूपांत मुद्दाम तयार करतात. आपल्या देशांतही शिसें वा सोमल यांचीं संयुगें रंगासाठीं घातलेलीं प्रसाधनें बनविण्यास कायद्यानें बंदी आहे. तेव्हां डबीवरील ‘खनिज’ हा एक शब्द वाचून थांबूं नये. आंत कोणतें खनिज आहे तें पाहावें. आणि छटा निवडतांना ती आपल्या मानेशीं, उघड्या उजेडांत ताडून पाहावी. सीतेचें सोंग घेणाऱ्यास दुसऱ्याचा वर्ण घेणें भाग होतें. आपणांस तें कारण नाहीं.