तगाई आणि अनुदान

नाहूर आज मुंबईचें उपनगर असलें, तरी पूर्वीं तें ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांतील खेडें होतें. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत इन्फ्ल्यूएंझाची सांथ आली व पाऊसही हुकला. अशा वेळीं शेतकऱ्यास सरकारांतून मिळे ती १८८४ च्या कायद्याची तगाई, म्हणजे व्याजासह फेडावयाचें कर्ज. २०२० च्या करोनाच्या सांथींत केंद्र सरकारनें पी. एम. किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येंच खात्यांत भरला. तो फेडावयाचा नव्हता. मात्र वर्षाच्या ठरलेल्या ६,००० रुपयांतलाच होता. कर्जाच्या जागीं अनुदान आलें, ही प्रगति खरी. परंतु तगाई पत पाहून मिळे, अनुदान सातबारा पाहून मिळालें. दुसऱ्याचें शेत कसणारा बहुधा दोन्ही वेळां दाराबाहेरच राहिला. सांथ मात्र कोणाचा उतारा पाहून घरांत शिरत नाहीं.