वेब सर्व्हरमधील नियतकालिक साफसफाई

मुदत संपलेली सेशन्स, तात्पुरत्या फायली, जुनी कॅश असा साठा ठरावीक अंतराने काढून टाकण्याचे काम. कोणत्याही वापरकर्त्याने ते मागितलेले नसते, पण ते राहिले तर डिस्क भरत जाते आणि एके दिवशी सर्व्हर नवे काही साठवू शकत नाही.

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतील सेशन-सफाई हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तिथे मूळ मांडणीत प्रत्येक सेशनची एक फाईल बनते. सफाईला मात्र वेगळी प्रक्रिया नसते. सेशन सुरू करणाऱ्या विनंत्यांपैकी सरासरी शंभरातल्या एकीवर ते काम पडते आणि १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, न बदललेल्या फायली पुसल्या जातात. ही रचना सोपी असली तरी चांगली नाही. वर्दळ नसलेल्या संकेतस्थळावर कचरा दिवसेंदिवस पडून राहतो. वर्दळीच्या ठिकाणी ज्याच्यावर पाळी येते, तो विनाकारण ताटकळतो. शिवाय दोन ॲप्लिकेशन्स एकच फोल्डर वापरत असतील, तर कमी मुदतीचे ॲप्लिकेशन दुसऱ्याचीही सेशन्स पुसते आणि लोक अचानक लॉगआउट होतात.

डेबियन लिनक्समध्ये सेशनच्या फोल्डरची यादी वाचण्याची परवानगीच पीएचपीला नसते, म्हणजे एका ॲप्लिकेशनला दुसऱ्याच्या सेशनचे नाव कळत नाही. पण यादीशिवाय जुन्या फायली शोधताही येत नाहीत, म्हणून तिथे ही योगायोगाची सफाई बंद ठेवून ते काम दर अर्ध्या तासाने वेळापत्रकानुसार केले जाते. हाच मार्ग योग्य. २०१६ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७.१ पासून सफाईची आज्ञा थेटही देता येते.

काम एका दमात उरकणेही घातक असते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा कॅश सांभाळणारा स्वतंत्र प्रोसेस मूळ मांडणीत एका फेरीत जास्तीत जास्त १०० फायली काढतो, फेरी साधारण २०० मिलिसेकंदांत आटोपतो आणि पुढच्या फेरीआधी ५० मिलिसेकंद थांबतो. अनेक सर्व्हरचा डेटाबेस एकच असेल, तर सर्वांनी एकदम सफाईला लागू नये म्हणून लॉक घ्यावे लागते.

सफाई म्हणजे सुरक्षा नव्हे. मुदत संपलेले सेशन पुसले जाईपर्यंत साठ्यात असतेच, त्यामुळे मुदत वाचतानाच तपासायला हवी. पीएचपीच्या फाईल-साठ्यात ही तपासणी आपोआप होत नाही. ती ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये लिहावी लागते.