कागद कोणाचा?

कागद हाती आला की तो कोणाचा, केव्हाचा, हे आधी पाहावे आणि मजकूर मागाहून वाचावा, ही इतिहासकाराची जुनी खोड. बखर आणि समकालीन पत्र यांत आम्ही जो भेद करतो, तो याच खोडीमुळे. १९९१ साली अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी ती कसोटीस लावली. १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या लढाईचे उतारे त्यांनी आठ इतिहासकारांना आणि आठ शाळकरी मुलांना दिले. त्यांत पाठ्यपुस्तकाचा एक उतारा होता. कादंबरीचाही एक, मुद्दाम घातलेला! मुलांनी सर्वांत विश्वसनीय ठरविले ते पाठ्यपुस्तक. इतिहासकारांनी त्याला कादंबरीच्या जरा वर बसविले.

येथवर आमची मान ताठ होती.

‘माहिती-साक्षरता’ हा शब्द १९७४ साली पॉल झुरकोव्स्की यांनी प्रचारात आणला. पुढे महाविद्यालयांतून तिच्या परीक्षा निघाल्या. पण दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे, तेव्हा विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे ते कळते, तो करतो काय हे कळत नाही. म्हणून वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत परीक्षार्थींना थेट संगणकापुढे बसविले. स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी, दहा इतिहासकार आणि वृत्तपत्री मजकुराची सत्यता पडताळणारे दहा जण. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची संकेतस्थळे दाखवून विचारले, अधिक विश्वासार्ह कोणते? एक संस्था १९३० ची, हजारो सभासदांची. दुसरी तिच्यातून २००२ साली फुटून निघालेला लहानसा गट. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्यास मूळ संस्थेने दिलेला पाठिंबा त्याला रुचला नव्हता. नावे मात्र सारखीच भासणारी.

पंचवीसांपैकी सोळा विद्यार्थ्यांनी फुटीर गट निवडला. पडताळणी करणारे दहाही जण चुकले नाहीत. इतिहासकारांपैकी पाचांनीच योग्य उत्तर दिले. चौघांना दोन्ही संस्था सारख्याच वाटल्या. विद्यार्थ्यांपेक्षा आम्हांला लागते ती हीच गोष्ट.

पडताळणीवाल्यांची युक्ती काय? ते पान वाचतच बसले नाहीत. क्षणात बाहेर पडून त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते त्यांनी धुंडाळले. आमची विद्वान मंडळी पानातच मुद्रा, मांडणी, संदर्भ निरखीत राहिली. दप्तरखान्यात ते चालते. तेथे कागद कोठून आला, याची नोंद दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवलेली असते. येथे पानाचा कर्ताच स्वतःची ओळख लिहून ठेवतो, आणि आम्ही तीच वाचीत बसलो.