घर घेताना पैसे एजंटच्या हाती द्यावेत का?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या मदतीने किंवा स्वतःच्या बचतीतून घर घेत असाल, तर आधी हे तपासा: एजंटला विक्रेत्यातर्फे पैसे घेण्याचा अधिकार आहे का?

भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार एजंटला मालकाने दिले तेवढेच अधिकार असतात. ग्राहक आणणे, घर दाखवणे, बोलणी करणे हे दलालाचे काम. त्यावरून किंमत स्वीकारण्याचा अधिकार आपोआप येत नाही. तुम्ही टोकन त्याच्या हाती दिले आणि ते पुढे पोहोचलेच नाही, तर विक्रेता ‘मला काही मिळाले नाही’ म्हणून हात वर करू शकतो. असे वाद बहुधा छोट्या रकमेपासूनच सुरू होतात.

एजंटने मुखत्यारपत्र दाखवल्यास ते पूर्ण वाचा. ‘रक्कम स्वीकारणे व पावती देणे’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. ते रद्द झालेले नाही ना, हे विक्रेत्याला स्वतः विचारा.

शक्यतो रक्कम विक्रेत्याच्याच बँक खात्यात भरा. स्थावर मालमत्तेसाठी 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. बिल्डरला नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एजंटची रेरा नोंदणी जरूर पाहा, पण तो पैसे घेण्याचा परवाना नव्हे.

एजंटला पैसे आधीच दिले असल्यास विक्रेत्याला आजच लेखी कळवा आणि रक्कम मिळाल्याची त्याच्या सहीची पोच मागा.