स्थानिक स्वच्छता व्यवसायाचे समाजमाध्यम विपणन

स्थानिक स्वच्छता व्यवसायाचे समाजमाध्यम विपणन म्हणजे घर, दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय, पाण्याची टाकी यांची साफसफाई करून देणाऱ्या लहान व्यावसायिकांनी व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या माध्यमांतून केलेला सेवेचा प्रसार होय. वस्तू दुकानात मांडून दाखवता येते; साफसफाई आधी पाहता येत नाही आणि ती करणारा माणूस थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्यामुळे या व्यवसायाच्या जाहिरातीत किमतीपेक्षा विश्वासाला अधिक महत्त्व असते.

पार्श्वभूमी

मोठ्या शहरांत ही सेवा ॲपद्वारे मिळू लागली. २०१४ मध्ये 'अर्बनक्लॅप' या नावाने सुरू झालेल्या आणि २०२० मध्ये 'अर्बन कंपनी' असे नामांतर झालेल्या कंपनीने दर, वेळ आणि ग्राहकांचे गुणांकन एकाच ठिकाणी आणले. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र भिंतीवर रंगवलेला दूरध्वनी क्रमांक आणि ओळखीच्या माणसाची शिफारस हीच प्रमुख साधने राहिली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप भारतात आले आणि २०१९ मध्ये त्यात सेवांची दरसूची दाखवण्याची सोय झाली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' सुरू केल्या. लघुचित्रफितींचा मोठा प्रेक्षकवर्ग तिकडे वळला.

परभणी जिल्ह्यातील स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी शहराची लोकसंख्या ३ लाखांहून अधिक होती. त्याच वर्षी येथे महानगरपालिका स्थापन झाली. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्याने घरोघरी साठवणुकीच्या टाक्या असतात आणि टाकी धुणे हे नियमित काम ठरते. त्याशिवाय दिवाळीपूर्वीची आवराआवर आणि लग्नसराई हे मागणीचे दोन मोठे हंगाम. शहरात मराठीबरोबर उर्दू व हिंदी बोलणारा वर्ग मोठा असल्याने जाहिरातीचा मजकूर एकाच भाषेत ठेवणे व्यावसायिकाच्या तोट्याचे असते.

फेसबुकवरील सशुल्क जाहिरात ठरावीक अंतराच्या परिघापुरती मर्यादित ठेवता येते. या व्यवसायात ही मर्यादा अत्यंत महत्त्वाची आहे. जिंतूर किंवा गंगाखेड परभणीपासून सुमारे ४० कि.मी. अंतरावर आहे, एका सोफ्यासाठी यंत्र घेऊन तेथवर जाणे क्वचितच परवडते. हजारो 'लाइक' मिळवणाऱ्या चित्रफितीपेक्षा एकाच वसाहतीतील तीन कामे व्यवसायाला अधिक उपयोगी पडतात. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतील संदेश, ज्याने व्यावसायिकाचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणून काम संपताना ग्राहकाकडून क्रमांक जतन करून घेणे ही साधी सवयच पुढील हंगामाची जाहिरात ठरते. गूगल नकाशावरील मोफत नोंद आणि तेथील अभिप्राय यांचाही उपयोग होतो.

आशय

सर्वाधिक प्रचलित प्रकार 'आधी आणि नंतर' या छायाचित्रांचा आहे: काळवंडलेली फरशी, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पांढरे पडलेले नळ, टाकीच्या तळाचा गाळ. ग्राहकाच्या घराचे चित्रण त्याच्या संमतीनेच करावे, हे या प्रकारात वारंवार विसरले जाते. झटपट चमक दाखवण्याच्या भरात आम्ल आणि ब्लीच एकत्र वापरणे घातक आहे. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

मैलाटाकीची सफाई

काही व्यावसायिक टाकी धुण्याबरोबरच 'सेप्टिक टँक साफ करून मिळेल' अशी जाहिरात करतात. येथे प्रश्न विपणनापुरता राहत नाही. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मैलाटाकी साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार, संरक्षक साधने व सुरक्षेची खबरदारी यांविना माणसाकडून गटार किंवा मैलाटाकी साफ करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारसफाईतील मृत्यूंसाठी भरपाईची रक्कम ३० लाख रुपये केली. मैला यंत्राने उपसला जाणार की माणूस आत उतरणार, हे अशा जाहिरातीत बहुधा लिहिलेले नसते. ग्राहकाने काम देण्यापूर्वी विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे.

कायदेशीर बाबी

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या तरतुदी समाजमाध्यमांनाही लागू होतात. '१०० टक्के जंतुमुक्त' असा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी जाहिरातदारावर असते. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. त्याचे पालन ऐच्छिक आहे. नातेवाइकांकडून लिहून घेतलेले अभिप्राय लहान शहरात लगेच ओळखू येतात, ही गोष्ट वेगळी.

पुण्यातील उदाहरण

पुण्यात कचरावेचकांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करते. जुने कपडे, फर्निचर व इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करण्याच्या मोहिमांची माहिती ती समाजमाध्यमांवरूनही देते. तिच्या प्रचारात काम करणाऱ्या स्त्रिया ठळकपणे दिसतात. 'आधी आणि नंतर'च्या छायाचित्रांत मात्र फरशी दिसते, ती पुसणारी व्यक्ती बहुधा चौकटीबाहेरच राहते.