गुरुदेव रानडे मंदिर, बेळगाव
हिंदवाडीतील ध्यान व तत्त्वचिंतनाचे केंद्र. ‘ॲकॅडमी ऑफ कंपॅरेटिव्ह फिलॉसॉफी अँड रिलिजन’ ही संस्था येथेच आहे. जमखंडीत जन्मलेले रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७) अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. तरी विद्वत्तेहून त्यांना नामसाधना मोलाची वाटे. ते नाम त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून १९०१ मध्ये घेतले. भाऊसाहेबांच्या इंचगिरी संप्रदायाची ही साधना झेनसारखीच नित्य बैठकीची; फक्त श्वास वा कोआन (ध्यानासाठी दिलेले कोडे) यांऐवजी येथे गुरूने दिलेले नाम असते, जोडीला दासबोधाचे वाचन आणि मराठी-कन्नड भजने. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाने गाजलेल्या या शहरात या दोन भाषा इतक्या सहज क्वचितच एकत्र नांदतात. मुंबईचे निसर्गदत्त महाराज याच परंपरेतले. रानड्यांची समाधी विजयपूर जिल्ह्यातील निंबाळ येथे आहे.