रंगवलेला पुरुष : ग्लॅम मेटलची शैली आणि वेषाची किंमत

पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांचे स्थान. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे भरणाऱ्या यात्रेस भटक्या-विमुक्त जमाती मोठ्या संख्येने येतात. नाथकथेत कानिफनाथाकडे एक नेमके काम आलेले आहे. स्त्रीराज्यात गुंतून पडलेल्या मच्छिंद्रनाथाची वार्ता तो गोरक्षनाथाला देतो. पुढे गोरक्ष नाचगाण्याच्या ताफ्यातून त्या राज्यात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला जागे करतो. कथेच्या बंगाली रूपात, ‘गोरक्षविजया’त, त्यासाठी त्याने नर्तकीचा वेष घेतलेला आहे. कथाकाराला या वेषाचे अवघडलेपण वाटत नाही. काम संपते, वेष उतरतो, योगी योगीच राहतो. नगर जिल्ह्याच्या यात्रांतून पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्या तमाशाच्या फडावर जो पुरुष बायकी हावभाव करून नाचला, त्याला मात्र अशी परतवाट मिळाली नाही. स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषाचा अर्थ त्या वेषात जितका असतो, त्याहून अधिक तो वेष उतरवून परतण्याच्या मुभेत असतो. हे सूत्र हाती धरले, तर १९८० च्या दशकात अमेरिकेत उदयास आलेल्या आणि मुंबईपर्यंत पोहोचलेल्या ग्लॅम मेटल या संगीतप्रवाहाचा इतिहास रूढ समीक्षेहून निराळा दिसू लागतो.

रूढ समीक्षेचे दोन पक्ष आहेत. डिक हेब्डिज यांच्या ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ (१९७९) या ग्रंथापासून शैलीकडे प्रतिकार म्हणून पाहण्याची सवय लागली : प्रस्थापित वस्तू उचलायच्या, त्यांचे संदर्भ मोडायचे, आणि अखेर बाजाराने ती मोडतोडच विकायला काढायची. रॉबर्ट वॉल्सर यांनी ‘रनिंग विथ द डेव्हिल’ (१९९३) मध्ये याच चौकटीला लिंगभावाची जोड दिली. ग्लॅम मेटलच्या मंचावर स्त्रीत्वाशी निगडित दर्शनीयता आणि पुरुषाकडे असल्याचे मानले गेलेले सामर्थ्य यांचा संयोग होतो, आणि या संयोगात स्त्री-श्रोत्यांनाही काही मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते अभ्यासपूर्ण आहे. परंतु संयोग कोणाच्या खर्चाने झाला, हा प्रश्न त्यात अर्धाच विचारला जातो.

या शैलीची वंशावळ पाहू गेल्यास तिचा एक धागा आश्चर्यकारकरीत्या सरळ निघतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मार्क बोलान, डेव्हिड बोवी आणि स्लेड यांनी चमकी, उंच टाचांचे बूट आणि रंगवलेले चेहरे रॉक संगीतात आणले. इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांच्या खाजगी समलिंगी संबंधांवरील फौजदारी बंदी १९६७ मध्ये उठली होती. १९७२ मध्ये बोवीने एका संगीत-साप्ताहिकाच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. विधान कितपत खरे होते, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. महत्त्वाचे हे, की त्या क्षणी लालीमागे एक खरी संदिग्धता होती आणि तिच्यात धोका होता. न्यूयॉर्क डॉल्सने १९७३ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर स्त्रीवेषात छायाचित्र दिले, आणि ती मुद्रिका फारशी खपली नाही.

दहा वर्षांनी स्लेडचेच १९७३ चे एक गाणे लॉस एंजेलिसच्या क्वायट रायटने पुन्हा गायिले. ते ज्या मुद्रिकेत होते ती ‘मेटल हेल्थ’ नोव्हेंबर १९८३ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या स्थानी गेली; हेवी मेटलच्या मुद्रिकेला हा मान प्रथमच मिळाला. म्हणजे ग्लॅममधून मेटलमध्ये झालेले संक्रमण हे अक्षरशः एका गाण्याचे अवतरण होते. अवतरणात शब्द तेच राहतात, बोलणारा बदलतो. कामगारवस्तीतल्या इंग्रज तरुणांचा गोंगाट आता कॅलिफोर्नियाच्या मनोरंजन-व्यवसायाचा पहिला मोठा सौदा ठरला.

या सौद्याची दोन भौतिक कारणे होती. एक, १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेली एमटीव्ही ही दूरचित्रवाहिनी. गाणे पाहण्याची गोष्ट झाल्यावर चेहरा हेही वाद्यच झाले. दुसरे कारण सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांचे अर्थकारण. तेथे नवख्या बँडांना स्वतःच्याच कार्यक्रमाची तिकिटे आगाऊ विकत घ्यावी लागत आणि ती रस्त्यात उभे राहून खपवावी लागत. आपल्याकडे नारायणगावच्या राहुट्यांत गावचे यात्रा-पंच फडमालकाला सुपारी देऊन खेळ ठरवतात; येथे उलटा व्यवहार होता, कलावंतच मंचाला सुपारी देत असे. अशा बाजारात रस्त्यावरून जाणाऱ्याची मान वळवणे ही पोटाची गरज ठरते. केस फवारे मारून आयाळीसारखे उभे करणे, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या विजारी, गळ्यात ओढण्या या साऱ्यांमागे सौंदर्यदृष्टीइतकेच जाहिरातीचे गणित होते. ते अनेकांचे जमले. मॉटली क्रूची ‘शाउट ॲट द डेव्हिल’ (१९८३), रॅटची ‘आउट ऑफ द सेलर’ (१९८४), सिंड्रेलाची ‘नाइट साँग्ज’ (१९८६) या मुद्रिका लाखांनी खपल्या. १९८६ मध्येच पॉयझनच्या पहिल्या मुद्रिकेच्या वेष्टनावर चार चेहरे आले : ओठ रंगवलेले, गाल उजळलेले, आणि चारही पुरुषांचे.

येथे संगीताकडे वळणे आवश्यक आहे, कारण वेषाचे खरे संरक्षण संगीतात आहे. एडी व्हॅन हेलनने १९७८ मध्ये गिटारच्या पट्टीवर दोन्ही हातांनी स्वर काढण्याचे जे तंत्र गाजवले, ते या पिढीच्या वादकांचे कौशल्याचे प्रमाणपत्र बनले. प्रत्येक गाण्यात गिटारवादकाला एक जागा राखून ठेवलेली असते. तेथे वेग, अचूकता आणि वर्चस्व यांचे प्रदर्शन होते आणि गाण्याचे शब्द बहुतांशी स्त्रीच्या प्राप्तीबद्दल असतात. डोळा जे पाहतो त्याची शंका कान फेडून टाकतो. मंचावर स्त्रीसारखे दिसता येते, कारण क्षणभरही स्त्रीसारखे ऐकू येत नाही. बालगंधर्वांच्या भामिनी किंवा सिंधूशी तुलना केली की हा भेद उघड होतो : तेथे शालू, चाल आणि गळा एकाच दिशेला जात होते, म्हणूनच घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले. पॉयझनच्या चेहऱ्यांतून कोणत्या स्त्रीने काय शिकावे, हा प्रश्नच तेथे संभवत नाही. व्हिक्सन या स्त्रियांच्या बँडने १९८८ मध्ये तोच साज घालून तेच संगीत सादर केले, तेव्हा त्या साजातली धिटाई एकदम नाहीशी झाली. स्त्रीने लाली लावली तर त्यात बातमी कसली?

वेषाचे सर्वांत बोलके प्रकरण मात्र मंचावर घडले नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे रॉक गीतांतील अश्लीलता व हिंसा यांविषयी सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर, जो मंचावर भडक रंगरंगोटीत उभा राहत असे, तेथे डेनिमच्या साध्या कपड्यांत आला. आपण विवाहित आहोत, एका लहान मुलाचे वडील आहोत, ख्रिस्ती संस्कारांत वाढलो, मद्य-धूम्रपान करीत नाही, असे त्याने आरंभीच सांगितले. मग त्याने आपल्या गीतांवरील आरोप मुद्देसूदपणे खोडून काढले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय म्हणून ही साक्ष सांगितली जाते आणि ते रास्तही आहे. तिची दुसरी बाजू अशी, की रंगवलेल्या पुरुषामागे एक गृहस्थ नेहमी साक्षीला हजर ठेवलेला होता. गरज पडताच तो पुढे आला आणि त्याच्यावर विश्वासही ठेवला गेला.

फडावरच्या नाच्याला असा साक्षीदार मिळाला नाही. स्त्रिया तमाशात येण्यापूर्वी नाच्या पोऱ्या हाच फडाचे आकर्षण होता. नगर जिल्ह्यातल्याच संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांबरोबर मंचावर आली आणि स्त्री-कलावंताची परंपरा दृढ झाली, तसा नाच्या कडेला सरकत गेला. नाचणारा होता तो हसवणारा झाला. गौळणीतल्या मावशीला, तीही पुरुषानेच साकारलेली असून, वयाचा आणि टवाळ जिभेचा आडोसा होता. नाच्याला तोही नव्हता. मराठी चित्रपटांत ही भूमिका गाजवणारे गणपत पाटील २००८ मध्ये वारले. ते गृहस्थ होते, त्यांना मुलेबाळे होती. तरीही पडद्यावरच्या हावभावांची टवाळी त्यांच्या घरापर्यंत गेली. ज्या वस्तुस्थितीच्या केवळ उच्चाराने स्नायडरची सुटका झाली, तीच वस्तुस्थिती येथे कुचकामी ठरली.

आनंद यादवांच्या ‘नटरंग’ (१९७८) या कादंबरीचे महत्त्व याच बिंदूवर आहे. गुणा हा कसलेल्या देहाचा शेतमजूर, मनात राजाची भूमिका बाळगणारा. फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो. यादवांनी या रूपांतराला मुक्तीचे रूप दिले नाही. देह बदलतो, गाव बदलते, आणि पुरुषत्वाची जी पत त्याने पणाला लावली ती त्याला परत कोणी देत नाही. लिंगभाव हा पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून साकारतो, हा जुडिथ बटलर यांचा १९९० चा सिद्धांत महाराष्ट्रातील विद्यापीठांत पुष्कळ उद्धृत झाला. गुणाची कथा त्यात एक भर घालते : कृती पुसण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो. तो जात, पैसा आणि प्रेक्षक ठरवतात. उलट दिशेचा प्रवास किती निराळा असतो, हे संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांच्या कारकिर्दीवरून कळते. शिवाजी महाराजांसह अनेक पुरुषभूमिका त्यांनी तमाशाच्या मंचावर गाजवल्या, आणि त्या त्यांचा गौरव ठरल्या. वर चढणारे सोंग आणि खाली उतरणारे सोंग यांना समाज एकाच तराजूत तोलत नाही.

या पार्श्वभूमीवर मुंबईकडे पाहावे. रॉक मशीन हा बँड १९८४ मध्ये तेथे स्थापन झाला. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. उदय बेनेगल यांचे गायन आणि महेश तिनईकर यांची गिटार यांनी ओळखल्या गेलेल्या रॉक मशीनने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) या स्वतःच्या गाण्यांच्या मुद्रिका काढल्या. परदेशी गाण्यांच्या नकला हाच शिरस्ता असलेल्या काळात हे धाडसच होते. या संगीतावर ग्लॅम मेटलचा ठसा स्पष्ट आहे : समूहाने म्हणायचे धृपद, गिटारची राखीव जागा, लांब केस. एक गोष्ट मात्र आली नाही. स्त्रीवेषासाठी ओळखला गेलेला बँड त्या पिढीने मुंबईला दिला नाही. याचे कारण लाजाळूपणात शोधणे वरवरचे ठरेल. लॉस एंजेलिसमध्ये ते चिन्ह रिकामे करून घेतलेले होते, म्हणून ते वापरणे सुरक्षित होते. मुंबईत ते रिकामे नव्हते. लालबाग-परळच्या थिएटरांतल्या तमाशाने, चित्रपटांतल्या नाच्याने आणि रस्त्यावरच्या हिजड्यांच्या टाळीने ते आधीच व्यापलेले होते. इंग्रजी गाणाऱ्या, महाविद्यालयीन, मध्यमवर्गीय तरुणाने ओठ रंगवले असते, तर तो पॉयझनसारखा दिसण्याआधी नाच्यासारखा दिसला असता, आणि ही खालची पायरी त्याच्या वर्गाला परवडणारी नव्हती. ध्वनी आयात करता येतो. चिन्ह ज्या भूमीवर उतरते तेथील अर्थ त्याला चिकटतात.

अमेरिकेत ही शैली जितक्या वेगाने वर आली तितक्याच वेगाने ओसरली. १९८७ च्या सुमारास मॉटली क्रूने लाली सोडून मोटारसायकलस्वारांची चामडी जाकिटे घातली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाची ‘नेव्हरमाइंड’ आली आणि साध्या चौकड्यांचा सदरा हाच नवा वेष ठरला. ज्यांनी तोंडे धुतली त्यांना कोणी जाब विचारला नाही. मुंबईत रॉक मशीनने १९९३ मध्ये आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले, भारतीय वाद्यांकडे मोर्चा वळवला, आणि १९९७ मध्ये तो बँड थांबला. २०१० मध्ये त्याची पुन्हा जुळणी झाली. रंगभवनातले कार्यक्रम २००३ नंतर शांतता क्षेत्राच्या निर्बंधांमुळे बंद पडले. तमाशाचे फड चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या घेऊन अजूनही नगर-पुण्याच्या रस्त्यांवर असतात, आणि गौळणीतली मावशी त्यांत अजूनही पुरुषच असते.